कोरी तारीख

मायच्या पेटीला कुलूप कधीच नव्हतं. तरी ती गेल्यावर ती पेटी उघडायला आम्हा दोघी बहिणींना अडीच महिने लागले. ताई दवनीवाड्याहून सकाळी आली, आणि साडेचारच्या पॅसेंजरनं परत जाणार हे दारात पाय ठेवतानाच सांगून मोकळी झाली. अर्जुनीच्या ह्या घरात मुक्काम करायची तिची सवय फार आधी सुटली होती. झाकण वर केलं तसा डांबरगोळ्यांचा वास अंगावर आला. बाहेर मोहाची फुलं पडायला लागली होती. त्यांचा गोड, किंचित आंबूस वास खिडकीतून येत होता. दोन्ही वास एकमेकांत मिसळून डोकं जड झालं होतं.

पेटीत सगळ्यात वर सात साड्या होत्या. सातही घडी न मोडलेल्या, दुकानाच्या चिकटपट्टीसकट. त्या कोणाच्या हे दोघींनाही ठाऊक होतं, म्हणून दोघींपैकी कोणीच विचारलं नाही. ताईनं त्या उचलून खाटेवर ठेवल्या, हात लागेल न लागेल अशा. खाली दुधाच्या पिशवीत गुंडाळलेले कागद होते. राशन कार्ड, बाबांच्या मृत्यूचा दाखला, आणि तळहाताएवढं पुठ्ठ्याचं एक कार्ड. मिक्सरचं ग्यारंटी कार्ड.

"हे आहेच काय अजून?" ताई म्हणाली. "फेकलं काऊन नाही मायनं?"

मी राशन कार्डाची घडी नीट केली. ह्या कार्डाच्या बाबतीत काही न बोलण्याचा मला चांगला सराव आहे.

मिक्सर घरात आला ते साल नव्व्याण्णव. बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. माय रोवण्याच्या दिवसांत लोकांच्या बांधीत धानाचा परा, म्हणजे भाताची रोपं, लावायला जायची, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायची, आणि उरलेले महिने राईस मिलमध्ये. शिवाय गावात लग्न, नामकरण काहीही असो, वड्यांची डाळ वाटायला मायलाच बोलावणं यायचं. आमच्याकडे वडे लाखोळीच्या डाळीचे. भिजवलेली लाखोळी पाट्यावर वाटणं म्हणजे जिवाचं काम. डाळ चिकट होत जाते, वरवंटा जड होत जातो, आणि दुपारपर्यंत खांदा आपला राहत नाही. मायच्या उजव्या खांद्याला कायम एरंडाच्या तेलाचा वास असायचा. आम्ही दोघी आळीपाळीनं तो चोळायचो. चोळताना आत काहीतरी करकर वाजायचं, आणि ती म्हणायची, "माया खांदा गेला तं गेला. माया पोरीचा नाही गेला पाहिजे."

म्हणून ताईच्या आंदणाची सुरुवात मिक्सरनं झाली. लोक आधी गुंड-गंज अशी भांडी घेतात, मग खाट, मग कपाट. ताई तेव्हा सोळाची. लग्नाला अजून चार-पाच वर्षं होती, पण माय म्हणाली की पैसा हातात आहे तोवर वस्तू घेऊन ठेवायची, पैशाला पाय असतात, वस्तूला नसतात.

त्या दिवशी मी शाळा बुडवली. आम्ही तिघी पॅसेंजरनं गोंदियाला गेलो. बाजारात विजेच्या सामानाचं एक दुकान होतं, गादीवर पांढऱ्या कपड्यांतला शेठ, मागे छतापर्यंत रचलेले खोके. सगळा व्यवहार हिंदीत. माय तिच्या हिंदीत बोलत होती, म्हणजे झाडीबोलीलाच 'है' लावत होती. शेठनं खोका उघडून मिक्सर टेबलावर ठेवला, वायर लावली, बटण फिरवलं. घुर्रर्र झालं आणि टेबलावरची पावडरची डबी सरकत कडेला आली. माय एक पाऊल मागं सरली आणि हसली. नंतर कितीदा तरी ती सांगायची, "कसा बोलला होता न वो तो." मोजून पाच सेकंद बोलला असेल. त्यापुढची पाच वर्षं तो गप्प होता.

शेठनं मिक्सर खोक्यात घालून पुन्हा चिकटपट्टी लावली, आणि पैसे देऊन झाल्यावर मायनं पावती मागितली. शेठ म्हणाला, "माताजी, पक्का बिल लोगी तो टॅक्स लगेगा. आपको तो अभी खोलना भी नहीं है." मग त्यानं कार्ड काढलं, त्यावर दुकानाचा ठप्पा मारला आणि बाकी सगळं रिकामं सोडलं. "तारीख कोरी छोड देता हूँ. बिटिया की शादी में खोलोगी न? तब आ जाना, उसी दिन की डाल देंगे. दो साल उधर से चालू."

मायला हे फार आवडलं. त्या माणसानं टॅक्स चुकवला आणि आमच्यावर उपकार केल्याचं भासवलं, हे कळायला मला पुढं बरीच वर्षं जावी लागली. पण तेव्हा परतीच्या गाडीत ती खोका मांडीवर घेऊन बसली होती आणि समोरच्या अनोळखी बाईला सांगत होती, "तारीख कोरी आहे याची."

तेव्हापासून 'कोरी तारीख' हा आमच्या घरातला शब्दच झाला. नवीन फ्रॉक घातला नसेल तर त्याची तारीख कोरी. नवीन वहीचं पहिलं पान उलटलं नसेल तर तिची तारीख कोरी. कोणी पाहुणा येऊन ताईकडे बघून गेला आणि होकार कळवला नाही की ताई स्वतःच म्हणायची, "राहू दे माय, मायी बी तारीख कोरीच आहे." मग तिघी हसायचो. त्या काळात ताई हसायची, हे आज तिच्याकडे बघून कोणाला पटणार नाही.

खोका भिंतीतल्या फळीवर असायचा, त्यावर खताच्या पोत्याचं धुतलेलं प्लास्टिक. पावसाळ्यात घरात सगळ्याला बुरशी यायची, चपलांना, पापडांना, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांना. म्हणून आश्विनात ऊन पडलं की माय खोका अंगणात आणून खाटेवर ठेवायची, त्याची चिकटपट्टी न तोडता. आयाबाया बघायला यायच्या. "चालू तं करून दाखव," कोणी म्हणायची. माय मान हलवायची. खोक्याला हात घालून उचलायला दोन भोकं होती. मी कोणी नसताना त्या भोकाला नाक लावायचे. आतून थर्माकोलचा, नव्या वायरचा आणि तेलाचा वास यायचा. त्याच अंगणात, त्या खाटेपासून चार हातांवर, माय पाट्यावर जवसाची चटणी वाटत असायची. हे हास्यास्पद आहे असं आम्हा तिघींपैकी एकीलाही कधी वाटलं नाही. चांगली वस्तू आपल्यासाठी नसते, हे आमच्याकडे शिकवावं लागत नाही.

मी सहावीत होते. अक्षर माझं चांगलं होतं आणि त्याचा मला माज होता. आमच्या गुरुजींचा आवडता प्रश्न 'गाळलेल्या जागा भरा'. "एकबी जागा रिकामी सोडाची नाही," ते छडी टेबलावर आपटत म्हणायचे, "रिकामी जागा म्हन्जे डोस्कं रिकामं." इंग्रजीची मोठी अक्षरं नुकतीच हाताला वळण लागण्याइतकी आली होती, आणि ती कुठं लिहावीत हे मला कळत नव्हतं. एका दुपारी माय मिलमध्ये आणि ताई विहिरीवर असताना मी पेटीतून दुधाची पिशवी काढली. कार्डावर रकाने होते. नाव. पत्ता. तारीख. सही. सगळे रिकामे. माझ्यासारख्या मुलीला आणखी काय हवं होतं.

मी निळ्या शाईच्या पेनानं मायचं नाव लिहिलं, ठळक, एकसारख्या उंचीचं. गाव लिहिलं, तालुका लिहिला. तारीख मला पाठ होती, कारण त्या दिवसाच्या गैरहजेरीचा मार मी खाल्ला होता. ती लिहिली, साल चारही आकड्यांत लिहिलं, कारण गुरुजी म्हणायचे की साल अर्धं लिहू नये. सहीचा रकाना तेवढा सोडला. तो मायचा होता. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि कार्ड परत पिशवीत ठेवलं. मायला कधीतरी दाखवून शाबासकी घ्यायची होती. मग आंब्याचे दिवस आले, सुट्टी लागली आणि मी विसरले. खरंच विसरले. 'कोरी तारीख' म्हणून आम्ही पुढंही हसत राहिलो, मीसुद्धा.

ताईचं लग्न दोन हजार चारच्या उन्हाळ्यात झालं. मांडवात आंदण मांडलं होतं. गुंड, गंज, ताटं, सगळ्यांवर नाव घातलेलं, आणि मधोमध खोका. प्लास्टिक काढून टाकलेलं. पाच वर्षांत त्याच्या एका कोपऱ्यालाही पोचा आला नव्हता. त्रिशरण-पंचशील झालं, मंगल परिणय झाला, जेवणं झाली, आणि त्या सगळ्या गर्दीत माय दर थोड्या वेळानं खोक्यापाशी जाऊन उभी राहत होती. कार्डाची पिशवी तिनं स्वतः ताईच्या सासूच्या हातात दिली. "तारीख कोरी आहे, विहीणबाई," ती म्हणाली. "गोंदियाले गेले की टाकून घ्या."

चौथ्या दिवशी दवनीवाड्याला नव्या सुनेच्या हातचे वडे करायचं ठरलं. अर्धा गाव गोळा झालेला. ताईनं भिजलेली लाखोळी भांड्यात घातली, मायनं पाट्यावर घातली असती तेवढीच, आणि बटण फिरवलं. मिक्सर घुरघुरला, अडखळला, मग आतून निळसर धूर आला आणि जळलेल्या वार्निशचा वास घरभर झाला. हे मी पाहिलेलं नाही. पण ताईनं इतक्यांदा सांगितलं आहे की तो वास मला माझ्याच नाकातला वाटतो.

डाळ घट्ट होती, की पाच वर्षं बसून यंत्र आखडलं होतं, की मुळातच माल तसला होता, कोण जाणे. तेवढ्यावर भागलंही असतं. कोणीतरी म्हणालं, नवा आहे, ग्यारंटीत आहे, बदलून मिळेल. दिरानं कार्ड काढलं आणि मोठ्यानं वाचलं. नाव वाचलं, गाव वाचलं, तारीख वाचली, साल वाचलं.

"नव्व्याण्णव?" सासू म्हणाली. "म्हन्जे पाच वर्ष वापरून आमच्या घरी धाडला म्हना की."

ताई म्हणाली, तारीख कोरी होती. सासूनं कार्ड तिच्या तोंडासमोर धरलं. "हे कोरी काय? आमाले आंधरे समजून राहिली काय?"

त्या दिवसापासून त्या घरात ताईचं नाव 'नव्व्याण्णव' पडलं. ए नव्व्याण्णव, पानी आण. नव्व्याण्णवची माय आली वाटते. साडी नेसली, तरी कोन्या सालची. पहिली मुलगी झाली तेव्हा बाळंतिणीच्या खाटेशी बसून सासू म्हणाली म्हणे, "हे तरी नवीन आहे न?" माणसं किती कल्पक असतात. त्यांना फक्त एक रकाना भरून मिळावा लागतो.

आठवड्यानं ताई खोका घेऊन माहेरी आली. दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघी गोंदियाला गेलो, त्याच गाडीनं. त्याच गादीवर तोच शेठ, थोडा सुटलेला. मायनं कार्ड पुढं केलं. "तुमीच म्हणाले होते न, तारीख बाद में डालेंगे?"

शेठनं चष्मा लावला. "मैंने तो खाली छोडा था, माताजी. ये किसने लिखा? ये तो किसी बच्चे का हँडरायटिंग है."

"दुसरं कार्ड द्या."

"दुसरा नहीं मिलता. नंबर छपा रहता है. अब कंपनी नहीं मानेगी, बिल भी नहीं है आपके पास."

बिल नव्हतं हे तोच सांगत होता. मी पुढच्या जन्मी जरी त्या गादीपाशी उभी राहिले तरी त्याला हे विचारीन. पण त्या दिवशी मला शेठ दिसतच नव्हता. मला कार्डावरचं ते निळं, एकसारख्या उंचीचं अक्षर दिसत होतं. पाच वर्षांनी मला सगळं आठवलं, फुंकर घातल्यासकट.

मायनं कार्ड उचललं. तिला इंग्रजी येत नव्हतं. मराठीतही सहीपुरतंच. पण रोज चिमणीजवळ बसून ती माझ्या वह्यांकडे बघत आलेली बाई होती. तिनं कार्ड पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग शेठला म्हणाली, "मीच लिवाले लावली. शेजारच्या पोराजवळून. मले वाटलं, खाली काऊन ठेवा."

ताई मायकडे बघत राहिली.

स्टेशनच्या फलाटावर ती बोलली. "तुले कोन सांगतलं होतं शायनपना कराले? आँ? त्यानं कोरी सोडली होती न? तुले वाचता येत नाही, लिवता येत नाही, तं कायले हात लावला त्याले?"

माय म्हणाली, "चुकलं बाप्पा मायं."

"तुयं चुकलं अन् जन्म माया गेला."

माय उठली, फलाटावरच्या गाड्यावरून एक आलुबोंडा आणला आणि कागदासकट माझ्या हातात दिला. ताईला दिला नाही, कारण ती घेणार नव्हती. स्वतःसाठी आणला नाही. मी तो खाल्ला. पंधरा वर्षांची घोडी होते मी, काय चाललंय ते सगळं कळत होतं, आणि मी तो संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय अंगण सारवत होती. मी शेणाची पाटी धरून उभी. मान वर न करता ती म्हणाली, "अक्षर मोठं साजरं आहे तुयं." एवढंच. पुढं बारा वर्षांत तिनं तो विषय एकदाही काढला नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो तिनं माझ्यासाठी खाल्ला, आणि मी तिला तो खाऊ दिला. आधी भीती होती. मग बारावी होती. मग ताईचा राग इतका वाढला की त्याच्या आड येण्याची हिंमत नव्हती. मग खूप दिवस झाले होते. प्रत्येक वर्षी कारण बदलत गेलं आणि मी तशीच राहिले.

मिक्सरची मोटर अर्जुनीतल्या एका दुरुस्तीवाल्यानं भरून दिली. माय तो घेऊन दवनीवाड्याला गेली, आणि तो घेऊनच परत आली. मग तो खोक्यात, खोका फळीवर. तिनं तो स्वतः कधी लावला नाही. पाट्यावरच वाटत राहिली, खांदा पार उचलेनासा झाला तोवर. शेवटी एका भंगारवाल्यानं तो वजनावर नेला आणि बदल्यात दोन प्लास्टिकच्या बादल्या दिल्या.

दरवर्षी चौदा एप्रिलला माय ताईकडे साडी घेऊन जायची. ताई दारातच ती परत करायची. "नेऊन घे, माय. पुन्हा म्हन्तीन, हे कोन्या सालचं आहे." माय साडी पिशवीत घालून परत यायची, चिकटपट्टी न काढता पेटीत ठेवायची, आणि पुढच्या वर्षी नवीन घ्यायची. सात वर्षं. मग तिनं जाणं सोडलं. शेवटच्या आजारपणात ताई एकदा आली. उशाशी बसली, कपाळावर हात ठेवला नाही. मी समोर उभी होते. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. माय शुद्धीवर होती.

मी आता तालुक्याच्या ठिकाणी लोकांचे अर्ज भरून देते. अक्षर चांगलं म्हणून लोक माझ्याकडेच येतात. जातीचा दाखला, निराधार पेन्शन, विम्याचा दावा. प्रत्येक अर्जावर तारखेच्या रकान्याशी माझा पेन थांबतो आणि मी विचारते, "टाकू काय?" लोकांना वाटतं, बाई फार काटेकोर आहे.

"फेकलं काऊन नाही मायनं?" ताईनं पुन्हा विचारलं. कार्ड तिच्या हातातच होतं. घड्याळात तीन वाजून गेले होते.

"ताई," मी म्हणाले, "ते अक्षर पाय."

"लय पायलं. जिंदगी गेली मायी ते पाहून."

"शेजारी कोन्तं पोरगं होतं तवा? सांग बरं. मास्तरचं नागपूरले होतं. दुसरं तं पाळण्यात होतं."

ती कार्डाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं, मायनं दुकानात पाहिलं होतं तसंच, पण जास्त वेळ.

"मी लिवलं, ताई. सहावीत होतो. मायले मालूम नव्हतं. तिले दुकानात समजलं."

बाहेर कोणीतरी झाडाखालचा पाचोळा झाडत होतं, फुलं वेचायला जागा करत होतं. ताईनं कार्ड खाटेवर ठेवलं.

"माय होती तवा काऊन नाही सांगतलं?"

माझ्याकडे बारा वर्षांची कारणं होती.

ताईनं खाटेवरची सगळ्यात खालची साडी ओढली. हिरवी, बारीक काठाची. पहिल्या वर्षीची असावी. तिनं चिकटपट्टी काढली आणि घडी उलगडली. साडी घडीच्या रेषेवर आपोआप फाटत गेली, आवाजही न करता. ती तशीच हातात धरून ताई बसली. मला वाटलं, आता ती मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण तिनं फाटलेली बाजू आत घेऊन साडीची पुन्हा घडी घातली, आणि एकेक करून सातही साड्या आपल्या पिशवीत भरल्या.

"विरल्या आहेत त्या सगळ्या," मी म्हणाले.

"असू दे. वापस नाही करत आता."

पिशवीचे बंद ओढून ती उठली. गाडीला अजून पाऊण तास होता. दारापर्यंत गेली, परत आली, आणि खाटेवर राहिलेलं कार्ड बोटानं माझ्याकडे सरकवलं.

"हे तुयं आहे," ती म्हणाली. "याले तू सांभाळ."